सुरी कोणाच्या हाती?

दिवाळीच्या पहाटे पाटावर बसलेल्या माणसाच्या अंगाला तेल लावताना त्याच्या शरीराचा सारा इतिहास हाताखालून जातो. काकांच्या पोटावर उजव्या अंगाला बोटभर लांबीचा व्रण असतो. कधीकाळी त्यांचे अपेंडिक्स फुटायच्या बेताला आले होते. थोरल्याच्या नडगीवर मोडलेले हाड बसवल्याची खूण असते. धाकटीचा जन्मच मुळी आईचे पोट उघडून झालेला असतो. या खुणांचे कोणाला काही वाटत नाही. 'ऑपरेशन झाले होते' एवढ्या तीन शब्दांत ती हकीकत संपते आणि फराळाची ताटे मांडली जातात. परंतु जरा थांबून हिशेब केला, तर यांतली प्रत्येक खूण म्हणजे एक टळलेला मृत्यू किंवा जन्माचे टळलेले पंगुत्व आहे, असे दिसून येईल. त्या त्या घटकेला जवळपास कोठेतरी सुरी धरणारा एक हात आणि भूल देणारा दुसरा हात हजर होता, म्हणून आजची पंगत पुरी भरली आहे.

जगातल्या बहुसंख्य घरांच्या वाट्याला हे दोन हात येत नाहीत. विधान अतिशयोक्तीचे वाटेल, पण ते तसे नाही. 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१५ साली असा हिशेब मांडला, की वेळेवर, निर्धोक आणि परवडेल अशी शस्त्रक्रिया जगातल्या सुमारे ५०० कोटी माणसांना मिळू शकत नाही. जगात वर्षाकाठी ३१ कोटींहून अधिक शस्त्रक्रिया होतात. पण जगातली एक-तृतीयांश माणसे ज्या सर्वांत गरीब देशांत राहतात, तेथे त्यांपैकी शंभरातल्या जेमतेम सहा होतात. आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया दरसाल व्हायला हव्यात, त्या होत नाहीत.

आकडे फार मोठे झाले की मन बधिर होते. म्हणून एकाच लहान देशाचे पाहू. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये घरोघर जाऊन केलेल्या एका पाहणीचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना विचारले त्यांच्यापैकी चारांतल्या एकाला शस्त्रक्रियेची गरज असावी असे काही ना काही दुखणे होते. आणि आदल्या वर्षात त्या घरांतून जी माणसे गेली होती, त्यांच्यातलेही चारांतले एक कदाचित शस्त्रक्रियेने वाचले असते.

येथे कोणी अवघड, अद्‌भुत शस्त्रक्रियांची अपेक्षा करीत नाही. आयोगाने कसोटीसाठी तीनच शस्त्रक्रिया निवडल्या: अडलेल्या बाईचे पोट उघडून मूल काढणे, आतड्याबितड्याच्या जिवावरच्या दुखण्यात पोट उघडणे, आणि हाड मोडून कातडीबाहेर आले असता ती जखम धुऊन हाड बसवणे. ज्या तालुक्याच्या इस्पितळात या तीन नीट होतात, तेथे उरलेल्या पुष्कळशा होतातच. दुसरी अट अशी, की असे इस्पितळ घरापासून दोन तासांच्या आत गाठता यावे. दोन तास हा काही हवेतून काढलेला आकडा नव्हे. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला आणि तो थांबला नाही, तर बाई तेवढ्या वेळात जाऊ शकते. बैलगाडी, होडी किंवा खाटेची डोली करून चार कोस नेण्यात तो वेळ संपून जातो.

मग इतके दिवस या गोष्टीकडे कोणाचे लक्ष कसे गेले नाही? गरीब देशांतले आरोग्य म्हटले की लस, स्वच्छ पाणी आणि मच्छरदाणी एवढेच डोळ्यांपुढे येई. ते चुकीचे होते असे नाही. ते हवेच होते. पण शस्त्रक्रिया ही शहरातली चैन मानली गेली. हाफडान मालर हे जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक असताना १९८० साली मेक्सिकोत शल्यवैद्यांच्या परिषदेपुढे त्यांनी बजावले होते, की सर्वांसाठी आरोग्य म्हणताना शस्त्रक्रियेला वगळता येणार नाही. जागतिक आरोग्य सभेने अत्यावश्यक शस्त्रक्रिया आणि भूल यांविषयी स्वतंत्र ठराव केला तो २०१५ साली. मधली पस्तीस वर्षे बोलण्यात गेली. मला वाटते, याचे कारण केवळ पैसा नव्हे. साथीच्या रोगाची भीती राजवाड्यालाही वाटते, म्हणून साथीवर पैसा निघतो. अडलेल्या बाईपासून शेजारणीला संसर्ग होत नाही. ती एकटी मरते, आणि एकट्याच्या मरणाला दैव म्हणण्याची सोय सगळ्या समाजांत आहे.

येथपर्यंत मतभेद होण्याचे कारण नाही. 'गरिबांना शस्त्रक्रिया मिळाली पाहिजे' या वाक्याला कोण नाही म्हणेल? खरा प्रश्न पुढच्या पायरीवर उभा राहतो. ती करणार कोण?

डॉक्टर पाठवा, असे म्हणणे सोपे आहे. पण डॉक्टर आहेत कोठे? आफ्रिकेतल्या पंचवीस देशांतल्या इस्पितळांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. शल्यवैद्य, प्रसूतितज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ असे तिघे मिळूनही लाख लोकांमागे एक विशेषज्ञ भरत नव्हता. निदान वीस तरी हवेत, असे आयोगाचे म्हणणे. एक शल्यवैद्य तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागतात, आणि तयार झाल्यावर तो खेड्यात जाईल, किंबहुना देशात तरी राहील, याची शाश्वती नाही. तेव्हा दुसरा मार्ग उरतो तो असा: जो डॉक्टर नाही, त्याला ही कामे शिकवायची आणि सुरी त्याच्या हाती द्यायची. हे धर्म्य आहे का?

मोझांबिक देशाने या प्रश्नाला करून उत्तर दिले. हा देश १९७५ साली पोर्तुगिजांपासून स्वतंत्र झाला आणि बहुतेक पोर्तुगीज डॉक्टर निघून गेले. पाठोपाठ यादवी सुरू झाली, ती १९९२ पर्यंत चालली. रस्त्यांवर सुरुंग, गावोगाव जखमी, आणि सुरी धरणारे कोणी नाही, अशा स्थितीत १९८४ साली सरकारने अनुभवी आरोग्य सेवक निवडून त्यांना शस्त्रक्रिया शिकवण्यास आरंभ केला. त्या वेळचे आरोग्यमंत्री पास्कुआल मोकुंबी हे स्वतः प्रसूतितज्ज्ञ होते आणि पुढे देशाचे पंतप्रधान झाले. शिक्षण तीन वर्षांचे: दोन वर्षे राजधानी मापुतोत, एक वर्ष प्रांताच्या इस्पितळात, वडीलधाऱ्या शल्यवैद्याच्या नजरेखाली. या लोकांना तेथे 'तेक्निको दे सिरुर्जिया' म्हणतात. आपण त्यांना शस्त्रक्रिया सहायक म्हणू. जरी प्रत्यक्षात ते कोणाचे सहायक नसतात, कारण तालुक्याच्या ठिकाणी त्यांच्यावर दुसरे कोणी नसतेच.

त्यांच्या कामाची परीक्षा झाली ती अशी. मापुतोच्या मध्यवर्ती इस्पितळातल्या २,०७१ सिझेरियन शस्त्रक्रिया तपासण्यात आल्या. त्यांपैकी ९५८ या सहायकांनी केल्या होत्या, बाकीच्या विशेषज्ञांनी. १९९६ साली निष्कर्ष बाहेर आले: वरच्या टाक्यांच्या किरकोळ तक्रारी सोडल्या, तर आईच्या वा बाळाच्या जिवाच्या दृष्टीने म्हणण्यासारखा फरक नव्हता. पुढे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले, की तालुक्याच्या इस्पितळांतल्या प्रसूतीच्या मोठ्या शस्त्रक्रियांपैकी शंभरातल्या ९२ हेच लोक करीत होते. सिएरा लिओनमध्येही अंतर्गळाच्या म्हणजे हर्नियाच्या शस्त्रक्रियांत असे शिकवून तयार केलेले लोक आणि डॉक्टर यांची तुलना झाली, तिचे निष्कर्ष २०२१ साली आले. सहायक कोठेही उणे ठरले नाहीत.

तरीही मनाचे समाधान होत नाही, आणि ते होऊ नये हेच बरे. पहिला आक्षेप धोक्याचा. त्याला वरच्या आकड्यांनी बऱ्याच अंशी उत्तर मिळते. दुसरा आक्षेप अधिक खोल जातो. शहरातल्या श्रीमंताला विशेषज्ञ आणि खेड्यातल्या गरिबाला सहायक, ही विषमता आपण धोरण म्हणून लिहून ठेवायची काय? 'दगडापेक्षा वीट मऊ' ही म्हण खरी. पण विटेवर निजणारा नेहमी गरीबच का असावा? आणि शेवटी तो जुना बिनतोड प्रश्न येतोच: तुमच्या स्वतःच्या मुलीला हे चालेल काय?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९४६ साली भोर समितीने हिंदुस्थानच्या आरोग्याचा आराखडा दिला, तेव्हा नेमका हाच वाद झाला होता. त्या वेळी देशात दोन प्रकारचे डॉक्टर होते: विद्यापीठाचे पदवीधर आणि थोड्या वर्षांत तयार होणारे लायसेन्शिएट. खेड्यापाड्यांतून दुसरेच अधिक भेटत. समितीने सांगितले की देशात डॉक्टर एकाच दर्जाचा असावा. काही सभासदांनी भिन्न मत नोंदवले. एकाच दर्जाचा पक्ष जिंकला. त्यामागची भावना उदात्त होती: स्वतंत्र देशातल्या खेडुताला दुय्यम डॉक्टर का? पण पुढच्या अनुभवाने असे दाखवले, की सर्वांची पदवी समान केल्याने सर्वांना मिळणारी सेवा समान होत नाही. समान पदवीचे डॉक्टर शहरात साठत गेले, आणि कित्येक खेड्यांच्या वाट्याला दुय्यमही आला नाही. आला तो कसलेच शिक्षण नसलेला, पेटी घेऊन फिरणारा वैदू. न्यायाच्या नावाने घातलेला नियम कधीकधी ज्याला न्याय द्यायचा त्याच्याच दाराला कडी घालतो, ती अशी.

म्हणून मला वाटते, आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. कमी खर्चाचे आणि कमी प्रतीचे या एकच नव्हेत. याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेत पोटाच्या कमजोर जागी एक जाळी शिवतात. कंपनीची जाळी महाग. खेड्यातल्या रोग्याला ती परवडत नाही. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा येथील शल्यवैद्य डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी बाजारात मिळणाऱ्या मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले, आणि निरनिराळ्या ठिकाणच्या सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले. मच्छरदाणी पोटात शिवणार, या कल्पनेने कोणीही दचकेल. गरिबाची थट्टा, असेही कोणी म्हणाले असते. पण तीच कल्पना पुढे युगांडात रीतसर तपासली गेली. ३०२ रोग्यांपैकी काहींना मच्छरदाणीची, काहींना कंपनीची जाळी घातली. २०१६ साली आलेला निष्कर्ष असा, की वर्षभरानंतर दोहोंत म्हणण्यासारखा फरक नाही. किमतीत मात्र होता. एक जाळी सुमारे एका डॉलरची, दुसरी सुमारे सव्वाशे डॉलरची. आता सांगा, दुय्यम काय होते? कापड दुय्यम नव्हते. आपली प्रतिष्ठेची कल्पना दुय्यम होती.

माणसांच्या बाबतीतही असेच घडते. रेजिनाल्ड आणि कॅथरिन हॅम्लिन हे डॉक्टर दांपत्य १९५९ साली ऑस्ट्रेलियातून इथिओपियात आले. दिवसेंदिवस अडून राहिल्यामुळे मूल दगावते आणि बाईच्या मूत्राशयाला भोक पडून लघवी अखंड झिरपत राहते. नवरा टाकतो, गाव वाळीत टाकते. अशा बायकांसाठी त्यांनी १९७४ साली अदिस अबाबाला इस्पितळ काढले. त्यांच्याकडे १९६२ साली मामितू गाशे नावाची एक खेडवळ मुलगी याच दुखण्याने आली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. बरे वाटू लागल्यावर ती खाटा आवरू लागली, मग शस्त्रक्रियेच्या वेळी हत्यारे हातात देऊ लागली, मग टाके घालू लागली. आणि वर्षे गेली तशी ती स्वतः ही नाजूक शस्त्रक्रिया करू लागली. शिकलेसवरलेले डॉक्टर तिच्याजवळ उभे राहून शिकले. १९८९ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने हॅम्लिन दांपत्याबरोबर तिलाही सुवर्णपदक दिले. विद्या पोथीतून येते तशी हातातूनही येते, हे आपल्या सुतार-सोनारांच्या देशाला वेगळे सांगायला नको.

पण येथे सावध राहिले पाहिजे. एका मामितूवरून 'शिक्षणाची गरजच काय?' असा निष्कर्ष काढणारे लोक निघतात, आणि ते बहुधा खर्च वाचवू पाहणारे असतात. मामितूच्या मागे दोन थोर शिक्षक आणि अनेक वर्षे होती. मोझांबिकच्या सहायकामागे तीन वर्षे होती. शिवाय केवळ सुरी धरणारा मिळाला म्हणजे काम झाले, असेही नाही. वर सांगितलेल्या पंचवीस देशांच्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. तेथले रोगी वयाने लहान आणि एरवी धडधाकट असूनही शस्त्रक्रियेनंतर मरणाऱ्यांचे प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुप्पट होते. आणि बहुतेक जण टेबलावर गेले नाहीत. ते पुढच्या दिवसांत गेले. रात्रीची नाडी पाहणारे कोणी नव्हते, ताप चढला तो कोणाच्या ध्यानात आला नाही, रक्त मिळाले नाही. शस्त्रक्रिया म्हणजे सुरी नव्हे. शस्त्रक्रिया म्हणजे सुरी, भूल, रक्त, उकळलेली हत्यारे, न जाणारी वीज, आणि रात्री दोन वाजता जागी असणारी नर्स. यांतली एकच कडी निखळली तरी साखळी तुटते. अधूनमधून परदेशांतून येऊन पंधरवडाभर शस्त्रक्रिया करून जाणाऱ्या परोपकारी पथकांचे काम थिटे पडते ते येथेच. त्यांची सुरी उत्तम असते. पण रात्रीची नर्स त्यांना बरोबर ठेवून जाता येत नाही.

आता मोझांबिकच्या हकीकतीतला सर्वांत बोचरा भाग. २००७ च्या त्याच अभ्यासात असे आढळले, की शिक्षण संपून सात वर्षे झाल्यावर शंभरातले ८८ सहायक तालुक्याच्या इस्पितळांतच होते. तेथे नेमलेल्या डॉक्टरांपैकी एकही उरला नव्हता. हा आकडा या योजनेच्या यशाचा पुरावा म्हणून अभिमानाने सांगितला जातो. पण या आकड्यात एक काटा आहे. सहायक राहिला, याचे एक कारण असे की त्याचे प्रमाणपत्र देशाबाहेर कोठे चालत नाही. डॉक्टरला लिस्बनचे दार उघडे असते, सहायकाला नसते. ज्याला दारच नाही तो घरात राहिला, याला घरावरचे प्रेम म्हणावे का? गरिबांची सेवा आपण एका माणसाच्या अडकून पडण्यावर उभारीत तर नाही ना?

मी जाणाऱ्या डॉक्टरांना नावे ठेवीत नाही. मराठी घरांतूनही कितीतरी मुले डॉक्टर होऊन विलायतेला आणि अमेरिकेला गेली. त्यांची छायाचित्रे दिवाणखान्यात अभिमानाने लावून मोझांबिकच्या डॉक्टरला स्वार्थी म्हणणे आपल्याला शोभणार नाही. पण दुसऱ्याच्या पैशाने तयार झालेली माणसे फुकट उचलणाऱ्या श्रीमंत देशांवर काही ऋण चढते की नाही? याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली आचारसंहिता केली खरी. पण ती ऐच्छिक, म्हणजे वाटेल त्याने पाळावी अशी.

आणि जो राहिला त्याचे ऋण तर अधिकच मोठे. मध्यरात्री कंदिलाच्या किंवा विजेरीच्या उजेडात ज्याने आई आणि मूल दोघे वाचवले, त्याच्या कामाला नाव डॉक्टरचे आणि पगार मात्र सहायकाचा, ही गोष्ट मला न्यायाची वाटत नाही. त्याला वर चढायला शिडी हवी, अडल्यावर सल्ला विचारता येईल असा वडील हवा, त्याच्या हातून झालेल्या बऱ्यावाईटाची नोंद हवी, आणि ती नोंद त्याला शिक्षा करण्यासाठी नव्हे, शिकवण्यासाठी हवी. या अटी पाळल्या तर सुरी त्याच्या हाती देणे धर्म्य आहे. न पाळता दिली तर ती रोग्याचीही फसवणूक आहे आणि त्याचीही.

राहता राहिला तो बिनतोड प्रश्न: तुमच्या मुलीला चालेल काय? मला वाटते, त्याचे प्रामाणिक उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि जो देतो त्याने प्रश्न नीट ऐकलेला नाही. शहरात बसून आपण सहायकाची तुलना विशेषज्ञाशी करतो. पण झांबेझीकाठच्या त्या रात्री बाईपुढे निवड विशेषज्ञ आणि सहायक यांच्यात नसते. सहायक आणि कोणीच नाही यांच्यात असते. माझी मुलगी त्या रात्री तेथे अडलेली असती, तर मी त्या सहायकाचे पाय धरले असते. आणि मुलगी सुखरूप सुटल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, मी सरकारच्या दाराशी जाऊन विचारले असते, की या माणसाला तुम्ही असे एकटे का ठेवले?

या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या पाहिजेत. नुसते पाय धरणारा कृतज्ञ असतो, पण त्याच्या कृतज्ञतेवर राज्यकर्ते निवांत झोपतात. नुसता जाब विचारणारा न्यायी असतो, पण त्याचा न्याय होईपर्यंत बाई थांबत नाही. करुणेला आजची रात्र दिसते, न्यायाला उद्याची सकाळ. माणुसकीला दोन्ही दिसावे लागतात; आणि ज्या बाईच्या हाती दोनच तास आहेत, तिच्यापुरती तरी सुरुवात आजच्या रात्रीपासूनच करावी लागते.